वळणावरचे चार सेंटीमीटर

आत्याने जाहीर केलं तेव्हा सगळे घरात होते, त्यामुळे नंतर कुणालाच 'मी ऐकलं नाही' म्हणायची सोय उरली नाही.

"शनिवारी पाचच्या आत माझ्या दोन्ही गाड्या एकाच वेळी, शेजारी शेजारी धावल्या तर घरात राहतील. नाहीतर खोकं डॉक्टरांना."

डॉक्टर म्हणजे खालच्या मजल्यावरचे दातांचे. मी त्यांना बत्तीशी म्हणते, अर्थात पाठीमागे. त्यांना त्या खेळण्यातल्या आगगाड्या वेटिंग रूममध्ये काचेच्या कपाटात मांडायच्या होत्या. म्हणजे जन्मभर एकाच जागी उभ्या! मला हे मुळीच चालणार नव्हतं.

आत्या तीस वर्षं सिग्नल केबिनमध्ये होती. दोन गाड्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या, एवढंच तिने तीस वर्षं केलं. "आता एकदा दोघींना वळणावरून बरोबर जाताना बघायचंय," ती म्हणाली, "आणि वर कुणाला खुलासा द्यायचा नाहीये."

"नकाशा मी काढते," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. पण भूमितीत वर्गात पहिली आल्यापासून मी कुणी विचारायची वाट बघत नाही.

फळी म्हणून बाबांचं कपडे कापायचं जुनं टेबल मिळालं, पाय काढलेलं. एकशे ऐंशी बाय नव्वद. बाबा टेलर आहेत. त्यांच्याच खाकी कागदावर मी दोन लांबोळके काढले, एकात एक. आतल्यासाठी तयार तुकडे होते. बाहेरच्या वळणांसाठी वाकवता येणारा रूळ होता, पण मोजकाच. दोन्ही रुळांत अंतर ठेवलं चार सेंटीमीटर. डबे शेजारी शेजारी उभे करून, पट्टी लावून मोजलं होतं, उगाच नाही.

बाबा खांद्यावर टेप टाकून येऊन उभे राहिले. "माया किती सोडलीस?"

"बाबा, हे रूळ आहेत. ब्लाउज नाही."

"कापायचं म्हटलं की माया सोडायची. नंतर सैल करावं लागलं तर?"

"भूमितीत माया नसते," मी म्हणाले आणि रूळ नेमका कापला. अर्धा मिलिमीटरही जास्त नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

शनिवारी चार वाजता पहिली फेरी झाली. बाहेरून निळी गाडी, आतून लाल. सरळ भागात दोघी शाळेच्या रांगेतल्या मुलींसारख्या शहाण्या चालल्या. वळणावर आल्या आणि लाल डब्याचा कोपरा निळ्या डब्याच्या पोटात बसला. निळी गाडी आडवी झाली. इंजिन काही वेळ तसंच घरघरत राहिलं.

आत्याने बटण बंद केलं. डबा उचलला, पुसला आणि खोक्यात ठेवला. मग दुसरा. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आत्या, थांब ना. अजून तास आहे."

"तास आहे, रूळ नाही," ती म्हणाली. तिसरा डबाही ठेवला.

खरं होतं. बित्तभर लांबीचा डबा वळणावर वाकत नाही. त्याची टोकं बाहेर निघतात आणि पोट आत येतं. मी मोजलं होतं ते सरळ भागात. बाहेरचं वळण मोठं करायला रूळ जास्त हवा होता, आणि मी तर नेमका कापला होता.

बाबा मशीनवरूनच म्हणाले, "बाही सरळ हातावर मापलीस की कोपर वाकल्यावर ओढणारच."

"टोमणे नंतर मारा. आता काय करू? तुमच्याकडे असा कोट आला तर काय करता?"

"वरच्या कापडात माया नसेल तर ते सैल होत नाही." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "मग अस्तर आवळतो."

मी फळीकडे बघितलं. वरचं कापड, अस्तर. बाहेरचा लांबोळका, आतला लांबोळका.

आतल्याच्या दोन्ही सरळ बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरचा एकेक छोटा तुकडा होता. दोन्ही काढले. आतला लांबोळका तेवढा आखूड झाला. तो मधोमध सरकवला, तशी दोन्ही टोकांची वळणं अडीच-अडीच सेंटीमीटर आत आली. चाराचे साडेसहा झाले. खिळे ठोकताना अंगठा ठेचला, पण ते सांगण्यासारखं नाही.

"आत्या, डबे दे."

"पुन्हा पाडशील."

"पाडले तर मीच खोकं खाली नेऊन देईन. हसत नेईन."

तिने डबे दिले, एकेक करून, जरा जास्तच सावकाश. पाचला चार मिनिटं कमी असताना दोन्ही गाड्या सुटल्या. सरळ भाग. मग वळण. लाल डब्याचा कोपरा निळ्याच्या पोटाजवळ आला, मध्ये बोटभर जागा राहिली आणि दोघी बाहेर पडल्या. पुढच्या वळणावरही तसंच. आत्या फळीच्या उंचीपर्यंत वाकली आणि डोळे रुळांच्या रेषेत धरून बसली. बाबांनी मशीन बंद केलं.

बरोबर पाचला बेल वाजली. बत्तीशी रिकामी पिशवी घेऊन आत आले.

"वा! चालू स्थितीत आहेत की," ते म्हणाले. "कधी नेऊ?"

"नाही नेता येणार," आत्या वर न बघता म्हणाली.

त्यांनी पिशवीची घडी घातली, पण गेले नाहीत. दोन फेऱ्या झाल्या, मग आणखी पाच. ते हळूहळू फळीपाशी सरकले आणि बटणाकडे बोट नेत म्हणाले, "मी एकदा...?"

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "खाली कुणीतरी तोंड उघडून बसलं असेल ना?"