उलट्या रसायनातला मुखवटा

शायस्ताने स्लाइडची फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या रसायनात धुतली. तसं केलं की रंग भडकतात, आणि तिला तेच हवं होतं. खोडाळ्याच्या बोहाड्यात, देवादिकांच्या सोंगांच्या उत्सवात, नाचणारा फिकुटलेला लाकडी मुखवटा फोटोत हिरवाकंच झाला, त्याचे पिवळेजर्द डोळे अंगावर धावून येऊ लागले. तो फोटो तिनं जव्हारच्या बाजारातल्या आपल्या फोटोच्या दुकानाच्या काचेत लावला.

"आपा, काढ तो काचेतून," धाकटा भाऊ बासित वैतागला. "बिघडलेले फोटो लावतात म्हणून जव्हारभर हसतील!"

"हसू देत. बिघडलेला नाही, मी बिघडवलाय!" शायस्ता तडकली. फोटो तिथंच राहिला.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून तुकाबाबा चालले होते. तो मुखवटा दरवर्षी तेच घालत. काचेशी थबकून त्यांनी फोटोला हात जोडले.

"माझ्या बापानं रंगवला तवा असाच व्हता," ते म्हणाले. "उन्हानं, धुरानं पार उतरला. पोरी, हा फोटो दे मला. यंदा असाच रंगवतो."

यंदाच्या बोहाड्यात हिरवाकंच मुखवटा नाचला. बासितने मोबाइलवर साधा फोटो काढला आणि तसाच बाजारात दाखवला.

"शायस्तानं पुन्हा फोटोचे रंग बदलले काय?" लोकांनी विचारलं.

"फोटोचे नाहीत," बासित छाती फुगवून म्हणाला, "आमच्या आपानं खुद्द मुखवट्याचे बदललेत!"