साईडला घेतलेला टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका मोकळ्या प्लॉटवर, फुटक्या बाटल्या आणि कुत्र्यांच्या घाणीत मी उभा आहे. कालच एक गृहस्थ माझ्या दाराला टेकून गुटखा चघळत बसले आणि जाताना माझ्याच चाकावर पिंक टाकून गेले. ती वाळली, तरी अजून कुणी पुसलेली नाही. जुन्या गाड्या विकणाऱ्या भूपेंद्र दलालाने माझ्या गंजक्या पत्र्यात पुट्टी भरली आणि वरून झगझगीत निळा रंग फासला. त्यावर पुन्हा कुंकवाचा टिळा! स्वतःच्या या सोंगाची मला शिसारी येते.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा खरोखरच नवा होतो. डिंडोलीच्या गणपतने मला घरी आणलं. तो मूळचा मराठवाड्याचा, उधन्याच्या लूम कारखान्यात, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. गल्लीत पेढे वाटले गेले, माझ्या चाकाखाली लिंबं ठेवली गेली, त्याच्या बायकोने, मंदाने, मला ओवाळलं. सगळे म्हणाले, लक्ष्मी आली. मी मनातून फुललो होतो. तेवढ्यात शेजाऱ्याने विचारलं, "गणपतराव, आता लूमची नोकरी सोडणार का?"

"छे हो! नोकरी चालूच राहील," गणपत हसून म्हणाला. "ह्यो आपला साईडला."

साईडला! हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याचा अर्थ मला पुढे कळला. ज्या कामाला माणूस आपली उरलीसुरली ताकद देतो आणि ज्याच्याकडून पुरेपूर कमाईची अपेक्षा करतो, त्या कामाला सुरतेत साईड म्हणतात. माझं ऑईल बदलायला त्याला कधी वेळ मिळाला नाही. माझे ब्रेक कुरकुरत, तर तो गाण्याचा आवाज वाढवी.

लूमवाल्यांची आणखी एक खोड सांगतो. ही माणसं दिवसभर कापडाचे ताके मोजतात. ताका म्हणजे कापडाची लांबलचक घडी. त्यामुळे त्यांना सगळं जग ताक्यातच दिसतं. माझ्यात ताके किती बसतात ते गणपतला तोंडपाठ होतं. मी वजन किती पेलू शकतो, हे त्याने एकदाही विचारलं नाही. एकदा एका डाइंग मिलमधलं कापड वाळवायचं यंत्र बिघडलं, म्हणून ओले ताके दुसऱ्या मिलमध्ये न्यायचे होते. गणपतने नेहमीइतकेच ताके भरले. त्यांतून रंगाचं उग्र पाणी निथळत होतं, माझ्या फळीतून रस्त्यावर ठिबकत होतं. मी कण्हत कण्हत निघालो आणि पहिल्याच खड्ड्यात माझा स्प्रिंगचा पाटा तुटला.

गणपत खाली उतरला आणि त्याने माझ्या टायरला लाथ मारली. "ताके तर तेवढेच हायेत की! ह्याला झालं काय?"

मला बोलता येत असतं, तर त्या दिवशी मी त्याला चांगलंच सुनावलं असतं. पण माझ्याकडे फक्त हॉर्न होता, आणि तोही बसलेला.

गणपत मनाचा वाईट नव्हता. लूमवर दिवसभर उभा राहून तो माझ्याकडे येई, तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले असत. झोप यायला नको म्हणून तो तंबाखूचा बार भरी, खिडकीतून थुंके आणि निम्मं माझ्या दारावर उडवी. एका संध्याकाळी भरला माल घेऊन पूल चढताना त्याची मान पुढे कलली. मी सरळ दुभाजकावर चढलो. तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. लूमवर तासन् तास उभं राहावं लागतं, त्यामुळे ती नोकरीही गेली. लोकांनी काय म्हणावं? "गाडीच पनौती आहे!" माणूस झोपेवाचून तडफडत होता ते कुणाला दिसलं नाही, आणि नाव खराब झालं माझं. या माणसांच्या अकलेची मला तेव्हापासून किळस वाटते.

पुढचा मालक गजेंद्र. त्यानेही मला साईडलाच घेतलं आणि मिळेल त्या ड्रायव्हरच्या हाती सोपवलं. त्यांनी माझ्यातून मासे नेले, कोंबड्या नेल्या, हॉटेलांचं खरकटं नेलं. धुतलं मात्र कधीच नाही. तो वास माझ्या फळ्यांत असा मुरला की कापडवाले नाक दाबून मला हाकलू लागले. शेवटी माझी रवानगी या प्लॉटवर झाली.

आज सकाळी भूपेंद्र फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आजनो घराक लई जाय तो ठीक, नहीं तो भंगारमां!" मी थिजलो. मला खूप राग येतो हे खरं, पण तुकडे होणं कुणाला आवडेल? घराक म्हणजे गिऱ्हाईक. ते यावं, आणि त्याने मला न्यावं, म्हणून मी आतुरतेने वाट पाहू लागलो.

दुपारी ते आले. शालिग्राम आणि त्याची बायको सरलाबाई, दोघं खानदेशातले. तो लूमवर, ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापणारी. शालिग्रामने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न केला, "कितला ताका बसतीन?"

झालं! पुन्हा ताके.

"बेसीने जुओ ने, शालिग्रामभाई! एकदम मक्खन!" भूपेंद्रने दार उघडलं. शालिग्राम आत बसला. त्याने चावी फिरवली आणि कधी नव्हे तो मी एका दमात सुरू झालो. जिवावर बेतलं की माझ्यासारख्या खटाऱ्यालाही शिस्त येते.

सरलाबाई खिडकीशी आली. "हाई गाडी कोन चालाडी?"

"मीच. ड्युटी सुटनी का दोन फेरा मारसू. साईडले व्हई जाई."

"परवा रातले हातमा घास धरीसन निजी गयात तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "पोरेसनं तोंड साईडले देखतस, भाकर साईडले खातस. आते जीव बी साईडले ठेवतस का?"

"तू इचार करू दे माले," शालिग्राम म्हणाला आणि त्याने डोकं मागे टेकवलं. विचारच करत असावा असं मलाही वाटलं. भूपेंद्र सरलाबाईला माझे गुण सांगत होता, त्यातला एकही खरा नव्हता. इंजिन धडधडत होतं, सीट हळूहळू हलत होती. मग शालिग्रामचा हात स्टेअरिंगवरून घसरून मांडीवर पडला. भर दुपारी, चालू गाडीत, तो गाढ झोपला होता.

भूपेंद्र त्याला हलवायला पुढे झाला. सरलाबाईने त्याला हाताने अडवलं. तिने खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवून मला बंद केलं.

"निजू द्या त्यासले. आमले नको गाडी."

म्हणजे मी भंगारात! पण खरं सांगतो, आजवर मला सगळ्यांनी दामटलं, पळवलं, लाथा मारल्या. एका माणसाची झोप मोडू नये म्हणून मला कुणी बंद केलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणाची किळस आली नाही.

मित्रांनो, गाडी धुवा, तिचं ऑईल बदला, तिच्यावर थुंकू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरीही कुणी जेवता जेवता पेंगत असेल, तर त्याच्यामागे आणखी एक काम लावू नका. पंखा लावा आणि टीव्ही बंद करा.

शालिग्राम अजून झोपलेला आहे. सरलाबाई पदराने त्याच्यावरच्या माश्या वारते आहे. पलीकडे भूपेंद्रने भंगारवाल्याला फोन लावला आहे आणि तोंड फाटेस्तोवर ओरडतो आहे. येऊ दे त्याला, काय न्यायचं ते नेऊ दे. पण कुणीतरी या भूपेंद्रला सांगा रे, जरा हळू बोल म्हणावं!