उजव्या हाताची कात्री

मित्रांनो, माझे नाव निघाले की माणसे कुरकुरतात. खिशाला कात्री लागली म्हणतात, खर्चाला कात्री लावली म्हणतात. मी त्यातली नव्हे. मी शिंप्याच्या दुकानातली एक जुनी, वजनदार कात्री आहे आणि जन्मभर मी फक्त कापड कापले आहे.

लोहाराने मला घडवले, सहाणेवर घासून धार दिली. मग एका तरुण शिंप्याने मला उचलले, अंगठा घालून हवेत चालवले आणि कानाशी धरून माझा आवाज ऐकला. तेव्हापासून मी त्यांची झाले. पुढे त्यांची भाची शिवणयंत्रावर बसू लागली. ती मामा म्हणे, म्हणून गिऱ्हाइकेही त्यांना मामाच म्हणू लागली.

मामांनी मला डोळ्यांत तेल घालून जपले. कागदाला मला कधी लावले नाही. मामींनी एकदा दोरा कापायला मागितली, तर म्हणाले, "दातानं तोड." कोट असो वा सदरा, कापणार मामाच. लोक म्हणत, "मामा, तुमच्या हाताला तोड नाही," आणि मामांचे पोट त्यावरच भरे.

पण हात एकच होता. टेबलावर कापडांचा ढीग चढत गेला. भाची कापलेल्या तुकड्यांची वाट बघत यंत्रापुढे बसून राही. गिऱ्हाईक आले की मामा म्हणत, "परवा या." परवा आलेल्यालाही तेच सांगत. काहीजण यायचेच थांबले.

"सगळ्यांना हो म्हणता," मामी बटणे लावता लावता म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

शेवटी भाची बोलली. "मामा, मला कटिंग शिकवा. पलीकडच्या दुकानातून बोलावणं आलंय. इथे नुसतं बसून राहायचं, तर मी तिकडे जाते."

ती गेली तर दुकान बंद पडणार, हे मामांना ठाऊक होते. त्यांनी मला तिच्यापुढे सरकवले, अगदी दात काढून द्यावा तसे.

भाची डावखुरी होती. तिने मला डाव्या हातात धरले. माझी पाती एकमेकांपासून फाकली, कापड मधे दुमडले आणि कडेने चघळल्यासारखे झाले. मी उजव्या हातासाठी घडलेली, त्याला माझा इलाज नव्हता.

"बघ! म्हटलं नव्हतं?" मामा म्हणाले. "हे कुणालाही जमत नाही."

मामींनी मान वर केली. "अहो, कापड बिघडलंय. तुम्ही हसताय कशाला?"

मामांनी गालावरून हात फिरवला. ते खरेच हसत होते. भाचीने तुकडे गोळा केले आणि ती घरी गेली. त्या दिवशी मामांना जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी भाची यायच्या आधीच त्यांनी मला स्वतःच्या डाव्या हातात धरले आणि एक चिंधी कापून पाहिली. तीही तशीच चघळली गेली. मामांनी ती चिंधी खिशात घातली. मग बाजारात जाऊन डाव्या हाताची कात्री घेऊन आले.

भाची शिकली. शिकताना चुकलीही. मामा तिच्या खांद्यावरून डोकावत, मामी त्यांना चहाला बाहेर पिटाळत. तिने पहिला कोट पुरा केला आणि पुढच्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक आले. "मामा, तुमच्याच हातचा कोट हवा हं!"

मामांनी भाचीकडे बोट दाखवले. "आता ही कापते," ते म्हणाले. "खांदा माझ्यापेक्षा बरा बसवते." बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

कोट तयार झाला तेव्हा गिऱ्हाइकाने तो घालून पाहिला, हात वर-खाली केले आणि पुढचे कापड सरळ भाचीच्या हातात दिले. मामांना वाईट वाटले. आनंदही झाला, पण वाईट आधी वाटले.

आता टेबलावर ढीग साचत नाही. मीही पुष्कळदा रिकामी असते. तक्रार नाही.

मित्रांनो, कात्रीला कोरडे ठेवा, अधूनमधून तेल द्या. आणि आपले काम दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली, तर त्या हाताला चालेल अशी कात्रीही द्या. आपलीच पुढे करून तो चुकायची वाट बघू नका.