चढवता येतं, उतरवता येत नाही

मोठ्या बाईंनी इंटरनेटवर शाळेचं पान उघडलं, तेव्हापासून शाळेत शिकणं कमी आणि कॅमेऱ्यासमोर दात काढणं जास्त चाललं होतं. टॅब्लेट कपाटातून निघायचे ते फोटोपुरते. पोरांनी ते हातात धरायचे, अंगठे वर करायचे, की पुन्हा कुलूप. बंद पडद्यावरून काय शिकायचं असतं, ते बाईंनाच ठाऊक!

आठवीतल्या भिंगरीला या सगळ्याचं नुसतं हसू यायचं. पण सोमवारी तिच्या बाकावरची मैत्रीण धडा वाचताना "प... प... पाणी" करत अडखळली आणि बाईंनी नेमका तोच व्हिडिओ चढवला. वर ओळ, 'आमचे चिमुकले वाचक!' खाली हसून लोळणारे पिवळे चेहरे. तीन दिवस झाले, मैत्रीण शाळेकडे फिरकली नव्हती. "तो आहे तोवर मी येणार नाही," एवढंच म्हणाली. आणि शनिवारी तोंडी परीक्षा!

भिंगरी तडक ऑफिसात गेली.

"बाई, तो व्हिडिओ काढा ना. तिला विचारलंही नव्हतं."

"अगं, एकशे चाळीस लाइक आहेत त्याला! एकदा चढवलेलं आपण उतरवत नाही. नियम आहे."

"कधी झाला?"

"आत्ता. जा वर्गात."

संध्याकाळी घरी मावशीच्या फोनवर बाईंची नवी पोस्ट दिसली, 'इंटरनेट जपून वापरा.' फोटोत बाई ऐटीत बसलेल्या, मागे कॉम्प्युटर, त्याच्या कडेला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर जाड स्केचपेनने शाळेच्या पानाचा पासवर्ड. अक्षर मात्र वळणदार हं!

"घुस की आत, उडव तो व्हिडिओ," मावशी म्हणाली.

"मी का चोरासारखी घुसू? चढवला त्यांनी, काढतील त्याच."

सकाळी घंटेआधीच तिने मावशीचा फोन नेऊन बाईंना फोटोतली चिठ्ठी मोठी करून दाखवली. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"अगं बाई! कुणी बघितलं तर?"

"एकशे बारा जणांना आवडलंय. पण चढवलेलं आपण उतरवत नाही ना, बाई?"

बाईंनी स्वतःचा फोन ओढला. इकडे दाबलं, तिकडे दाबलं आणि स्वतःच्याच पोस्टला लाइक देऊन बसल्या. एकशे तेरा. तेव्हा कुठे भिंगरीच्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर पान चालवणाऱ्या या बाईंना उतरवता येतच नव्हतं! कसला नियम नि कसलं काय!

"कसं काढतात गं?" बाई हळूच म्हणाल्या.

"शिकवते ना. पण सराव तिच्या व्हिडिओवर करायचा. हे तीन ठिपके दाबा. हं. आता 'हटवा.' दाबा, बाई, चावत नाही ते."

व्हिडिओ गेला. मग फोटो गेला. मग पासवर्ड बदलला, तोही भिंगरीला पाठ फिरवायला लावून. बाईंनी तो लगेच चिठ्ठीवर लिहायला घेतला, तिथे मात्र तिने हात टेकले.

शनिवारी मैत्रीण आली. 'पाणी'ला अडखळली, थांबली, पुढे वाचत गेली. बाईंचा हात सवयीने फोनकडे सरकला.

"तिला विचारलंत, बाई?" मागच्या बाकावरून भिंगरी म्हणाली.

हात परत मांडीवर गेला.