हरवलेला परकर

मी एक जुना परकर आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. पण मी कापडाचा नाही, पत्र्याचा आहे. मोटारीचं मागचं चाक अर्धं झाकणारा जो पत्रा असतो, त्याला अमेरिकेतल्या आमच्या आयोवात परकर म्हणतात. कारखान्यातून गाडी बिनपरकराची यायची. ज्याला हौस, त्याला दुकानदार वरून बसवून द्यायचा. आम्ही जोडीनं आलो, डावा आणि उजवा. मी उजवा.

दुकानात मर्ल थॉर्सन नावाचा तरुण कामाला होता. आईच्या हिरव्या गाडीसाठी त्यानं आम्हाला स्वतः रंगवलं. घाईनं मला ओलाच उचललं, आणि माझ्या आतल्या बाजूला त्याचा अंगठा उमटला.

"अरे अरे! पुसतो थांब," मर्ल म्हणाला.

"राहू दे रे," त्याची आई अल्विनाबाई म्हणाली. "तुझाच आहे ना? मग झालं तर!"

वडील क्लिफर्ड मात्र चिडवायचे, "गाडीला परकर नेसवलात, आता झुमकेही घाला!"

दर शनिवारी अल्विनाबाई आम्हाला धुऊन-पुसून लखलखीत करी. रविवारी चर्चबाहेर लोक वळून वळून बघत. काय दिवस होते ते!

मग कोरियात लढाई लागली आणि मर्लला बोलावणं आलं. स्टेशनवर जाताना नेमकं माझंच चाक पंक्चर झालं. चाक बदलायचं तर आधी परकर काढावा लागतो. नव्या कोऱ्या गणवेशात मर्ल धुळीत बसला आणि मला काढून त्यानं कुंपणाला टेकवलं.

"आटप रे, गाडी चुकेल!" क्लिफर्ड ओरडले.

घाईत मी तिथंच राहिलो. आगगाडी सुटताना मर्लनं खिडकीतून हाक दिली म्हणे, "आई, परकर राहिला बघ! येताना उचल हं!"

परत येताना अल्विनाबाईनं तोंड ओंजळीत झाकलं होतं. गाडी माझ्यासमोरून निघून गेली.

संध्याकाळी तिथल्या शेतातली ल्युडमिलाबाई गाई घेऊन आली. तिला ट्रॅक्टर ठाऊक, मोटारीचं काही कळत नसे. चांगला पत्रा म्हणून तिनं मला नेलं, कोठाराचा उरलेला लाल रंग फासला आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या भोकावर ठोकून टाकलं. दुसऱ्या दिवशी थॉर्सन नवराबायको गवत धुंडाळत होते, तेव्हा मी खुराड्यावर लाल होऊन बसलो होतो.

हिवाळ्यात मर्ल गेल्याची तार आली. मग एक दिवस अल्विनाबाई एकटीच ल्युडमिलाबाईच्या अंगणात आली.

"बाई, आमचा परकर राहिला होता हो इथं. कुंपणापाशी. हिरवा."

"परकर?" ल्युडमिलाबाई गोरीमोरी झाली. "भर रस्त्यात?"

"मुलानं काढून ठेवला होता. आता तो नाही हो. त्याचा हात लागलेला तेवढा मला..."

बिचारीचं डोकं फिरलंय, असं ल्युडमिलाबाईला वाटलं. तिनं तिला कॉफी पाजली, पाठीवरून हात फिरवला. "नाही हो बाई, असलं काही नाही आमच्याकडे."

जाताना अल्विनाबाईची नजर माझ्यावरून फिरली. मी लाल होतो. 'अहो, मी इथं आहे!' असं ओरडावंसं वाटलं, पण पत्र्याला कुठलं तोंड!

त्यानंतर कित्येक वर्षं ती हिरवी गाडी कुंपणापाशी येऊन हळू व्हायची. शहराकडे जाताना मला माझं उघडं चाक दिसे, परतताना माझा जोडीदार. मग ती गाडी यायचीच थांबली.

एकदा अंडी न्यायला आलेला ऑर्व्हिल नावाचा एक जण मला पाहून खो खो हसला. "काय काकू, कोंबड्यांना गाडीचा परकर नेसवलात होय!"

"काय म्हणालास?" ल्युडमिलाबाईच्या हातातली टोपली खाली पडली. "ह्याला परकर म्हणतात?"

"मग काय म्हणतात?"

तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! ती बाई हाच मागत होती रे!"

तिनं स्वतःच्या हातानं खिळे उपसले, लाल रंग खरवडला आणि हिरव्या गाडीबद्दल विचारत विचारत थॉर्सनांचं दार गाठलं. क्लिफर्डनी दार उघडलं. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं.

"अल्विना गेली हो, मागच्या हिवाळ्यात," ते म्हणाले.

ल्युडमिलाबाई हुंदके देत होती. क्लिफर्डनी मला उलटं केलं, कोंबड्यांची घाण बाहीनं पुसली. आतला हिरवा अंगठा तसाच होता. त्यांनी त्यावर आपला अंगठा हलकेच टेकवला. "माझ्यापेक्षा मोठा होता बघा त्याचा," एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले.

गाडी केव्हाच विकली गेलीय, पण माझ्या जोडीदाराला त्यांनी काढून ठेवलं होतं. आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी टांगलेले आहोत. आम्हाला पुसणारे हात तेवढे नाहीत. मित्रांनो, ल्युडमिलाबाई वाईट नव्हती, तिनं कॉफीही पाजली होती. म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. हरवलेलं काही शोधत कुणी तुमच्या दारी आलं, तर 'नाही' म्हणण्याआधी एवढं जरूर विचारा, "दिसतं कसं हो ते?"