माशीवरचा ठिपका

निजामशेठचं पिस्तूल तळहातात मावायचं. खिशात लपवायचं म्हणून तर घेतलेलं, लायसन काढून. पण कोटात अडकू नये म्हणून बनवणाऱ्याने नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचं ते टोक, अगदी तांदळाच्या कणीएवढं ठेवलेलं. दिवसा डोळे बारीक केले तर दिसायचं. अंधार पडला की गायब.

आणि शेठला गाठलं ते अंधारातच. भाजे गावाच्या वाटेवर तिघेजण. शेठने पिस्तूल काढलं, पण नेम कुठे धरायचा तेच कळेना. दोन दात गेले, पैशांची थैली गेली. तेव्हापासून माणूस निम्मा झाला. लोणावळ्यात स्वतःच्या कोळशाच्या वखारीत बसला तरी पाठ भिंतीला लावून, नजर दाराकडे.

त्याची बायको खतीजा. तिचा भाऊ इकबाल बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. एक दिवस ती दुकानात आली आणि रडायलाच लागली.

"झोपेतून ओरडत उठतात रे. त्या पिस्तुलाचं काहीतरी कर. तेवढाच धीर येईल."

इकबालने मन लावून केलं. माशीच्या मागच्या अंगाला बारीक खड्डा कोरला. घड्याळाच्या काट्यांना लावतात ते रेडियम त्यात भरलं, वरून लाखेचा हात दिला. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला माशी बघायची खाच असते, ती कानशीने जरा रुंद केली. मग दुकानाची फळी लावून अंधारात हात लांब केला. हिरवा ठिपका खाचेत बरोब्बर मधोमध! गडी स्वतःवरच खूश.

"समोरच्याला दिसेल का रे?" शेठने विचारलं.

"नाही दुल्हेभाई. धरणाऱ्यालाच फक्त."

कितीतरी दिवसांनी शेठ हसला.

शेठच्या कोळशाच्या भट्ट्या लोहगडाच्या पायथ्याला. तिथल्याच वाडीतला कोंडू त्या सांभाळायचा. पावसाच्या आधी कोळसा खाली आणायचा म्हणून शेठ निघाला. एकटा जायला अजून धजत नव्हता, म्हणून इकबाल सोबत. गाडी मळवली स्टेशनात उशिरा आली आणि चढणीवरच अंधार पडला. झाडांवर काजवे लागलेले. शेठचा हात खिशात.

वळणावर समोर एक सावली आली. हातात दिवा नाही.

"कोण?" शेठ म्हणाला.

सावली जागच्या जागी थांबली. ओ नाही, काही नाही.

एरवी असं काही झालं की शेठ ओरडायचा, खोकायचा, काठी आपटायचा. आज एक शब्द नाही. हात सरळ झाला. इकबाल त्याच्या खांद्यामागेच होता. त्याला ठिपका दिसला. आधी थरथरला, मग स्थिर झाला. खाचेच्या मधोमध. सावलीच्या छातीवर.

आणि इकबालला भागूबाई आठवली, कोंडूची बायको. गेल्या थंडीत तो मध आणायला वाडीत गेलेला. तिन्हीसांजेला अंगणातून हाका मारमारून घसा बसला, तेव्हा कुठे ती हसत बाहेर आली. "पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई भाऊ. रानातलं काय बी मानसाच्या आवाजात हाक मारतंय. पन तिसऱ्यांदा मारायचा त्याला दम न्हाई." इकबाल तेव्हा पोट धरून हसलेला. शेठला सांगायचं मात्र राहून गेलं.

"कोण आहे?" इकबाल ओरडला. आणि थांबलाच नाही, "कोण आहे रे तिकडे?" म्हणत त्याने शेठच्या मनगटावर हात मारला.

"ओ! म्या कोंडू!"

बार निघाला. बाजूच्या झाडाची डहाळी मोडून खाली आली. काजवे सगळे एकदम विझले.

कोंडू जवळ आला. "आयला शेठ, बार काय काढता? मला काय वाघ समजला?"

"हवेत काढला रे," शेठ घाईघाईने म्हणाला. "वाट वाईट आहे."

"लय भ्याला की तुमी!" कोंडू हसायला लागला.

इकबालला ते हसू ऐकवेना. आता धीर आल्यावर शेठ इथून एकटा येणार. हीच वाट, हाच कोंडू, आणि एकच हाक.

"हवेत नव्हता, कोंडूभाऊ. तुमच्यावर धरला होता. तुम्ही ओ दिली नाहीत म्हणून."

"इकबाल!" शेठ कडाडला.

कोंडूचं हसू थांबलं.

"मंग आमी करायचं काय, शेठ? पयल्या हाकेला ओ दिली तर रानातलं नेतंय. न्हाई दिली तर तुमी."

"आणि मी काय करू?" शेठ उसळला. "तीन हाका मारेपर्यंत चोर थांबतो होय?"

शेठ तिथेच दगडावर बसला. मग खालच्या मानेने म्हणाला, "नेम मात्र बरोबर होता रे. पहिल्यांदाच बरोबर होता." बोलून गेला आणि स्वतःच दचकला. पिस्तूल त्याने इकबालच्या हातात दिलं.

इकबालने गोळ्या काढल्या आणि अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडला. दोन रात्री खपून बसवलेला. निघायला जड गेला. खतीजाला काय सांगायचं, तेच डोक्यात. आज रात्री हा माणूस पुन्हा ओरडत उठणार.

वाडीत पोचले तेव्हा भागूबाईने भाकरी वाढली. चूल विझत आलेली. तिने इकबालचा हात बघितला.

"नखात काय चमकतंय भाऊ? काजवा चिरडला का काय?"

इकबालने अंगठा मुठीत लपवला. कोंडू जेवत होता. कुडाच्या भिंतीला पाठ लावून शेठ दाराकडे बघत बसला होता, भाकरी तशीच हातात.