नेच्यावरचं तेल

दाणा तांदळाच्या कणीएवढा. पांढऱ्या बशीत, जांभळ्या दिव्याखाली, सगळ्या करड्या चुऱ्यात तो एकटाच पिवळसर उजळलेला... तोकिएने श्वास रोखून धरला, न जाणो आपल्या फुंकरीने विझायचा. मग तिचं तिलाच हसू आलं. खडक काही विझत नाही. पण तेल असल्याशिवाय तो या दिव्याखाली उजळतही नाही, आणि एकोणीस विहिरींत तो कधी उजळला नव्हता.

एकोणीस. कंपनीची भूगर्भतज्ज्ञ होन्मा तोकिए येत्या मार्चात निवृत्त होणार होती, आणि तिने तपासलेल्या एकोणीसच्या एकोणीस विहिरी कोरड्या किंवा खाऱ्या पाण्याच्या. ही विसावी, शेवटची – निइगाताच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात. काल ड्रिलला नवं टोक लावून उरलेले बारा मीटर खोदले, त्याचा हा चुरा. दोन वाजेपर्यंत तोक्योला एक ओळ कळवायची: तेलाची खूण आहे की नाही. 'नाही' म्हटलं की विहिरीत सिमेंट ओतून सगळे आपापल्या घरी. 'आहे' म्हटलं तर आणखी दोनशे मीटर खाली – म्हणजे तिथे काय आहे ते तिला बघायला मिळणार.

बघायला हवं – हे खूळ नवव्या वर्षापासूनचं. तेलटंचाईचा तो हिवाळा, आई रॉकेलचा स्टोव्ह विझवून म्हणायची, जहाज आलं की पेटवू. जहाज कुठून येतं? लांबून. मग आपल्या पायाखाली काय आहे? "चिखल," आई म्हणाली, "आणि आता गप्प बस." पण त्यांच्या कुरोकावा गावात चिखलच गप्प बसत नव्हता, गावामागच्या डबक्यावर काळा तवंग यायचा, आणि जुलैतल्या उत्सवाला बाबा वाळल्या नेच्याची जुडी त्या तवंगावर फिरवायचे, पानांना चिकटलेलं तेल मुठीने निपटून मडक्यात घ्यायचे... ते तळवे मग आठवडाभर वास मारायचे, जेवतानासुद्धा. आई नाक मुरडायची. तोकिए मात्र बाबांच्या शेजारीच बसायची.

दार वाजलं. इगाराशी, ड्रिलवरचा मुकादम, कुरोकावाशेजारच्याच गावचा, निवृत्त होऊनही पुन्हा कामावर आलेला. हातात सॅमन माशाचा भातगोळा.

"जेवणार, की आज दगडावरच भागवणार?"

"दगड चावून झाला. दाताला कचकच नाही. चिकणमाती." तिने बशी त्याच्याकडे सरकवली. "पण हे बघा."

इगाराशी वाकला. तिला वाटलं होतं, हा आता आरोळी ठोकणार. तो मान खाजवत राहिला.

"होन्मा-सान, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावेनच. सांगा."

"टोक खाली सोडायच्या आधी मी त्याला बोट लावलं. तेलाचं. यंदाच्या कुरोकावाच्या उत्सवातली बाटली होती जवळ... अहो, दर विहिरीला आपण साके, तांदळाची दारू, शिंपडतोच की. म्हटलं, तुमची शेवटची, जरा गावचा आशीर्वाद."

तोकिएच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "चाळीस वर्षं खोदताय! नमुन्याला बाहेरचं तेल लागलं की काय होतं, ते आता मी शिकवू तुम्हाला?"

"एक बोट हो! तीन हजार मीटर गाळातून जाताना उरणार काय त्यातलं?"

"उरेलही."

"नाहीही उरणार." तो दाराशी थबकला. हळू आवाजात म्हणाला, "मी इथे आलोच नव्हतो. भात तेवढा खाऊन घ्या."

तो गेला, आणि खोलीत ती, दिवा आणि दाणा. किती सोपं करून गेला म्हातारा! एक शब्द लिहायचा, 'आहे', आणि कोण विचारणार होतं? तपासणीच्या यंत्रालाही दोन तेलांतला फरक धड कळणार नाही. कुरोकावाचं तेल ज्या थरातून वर येतं तोच थर वाकून समुद्राखाली उतरतो, तरुणपणी तिनेच तो नकाशा काढला होता. दोन्ही तेलं सख्खी भावंडं निघतील. दोनशे मीटर... फक्त दोनशे. तिने दाण्यावर तेल विरघळवणाऱ्या द्रावकाचा थेंब सोडला, पिवळं कडं पसरलं, तिने बशी नाकाशी नेली – बाबांचे तळवे. डोळे एकदम भरून आले. इतकी वर्षं आपण देशासाठी तेल शोधतोय असं सांगत आलो, सभांमधून, अर्जांमधून, आणि शोधत होतो तो हा वास? मग तो बाटलीतून आला की खालून, हे नको कळायला? की तेच तर कळायला हवं, आणि त्यासाठीच खोटं लिहिता येत नाही... बोटाबद्दल गप्प राहून खोदलं, तर दोनशे मीटरखाली जे दिसेल तेही आपल्याला उष्टं वाटेल.

दोनला पाच कमी असताना तिने लिहिलं: एका दाण्यात तेलाची चमक. ड्रिलच्या टोकाला बाहेरचं तेल लावलं गेलं होतं. उगम सांगता येत नाही. पाठवून टाकलं. एकोणीस अहवालांत तिने 'नाही' लिहिलं होतं. 'सांगता येत नाही' हे पहिल्यांदाच. सिमेंट ओतणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली आणि दार उघडून हाक मारली.

"इगाराशी-सान! कोणतं बोट?"

"काय?"

"लावलंत ते. इकडे या."

तो आला, भेदरलेला. "पाठवलंत? माझं नाव..."

"नाही लिहिलं. हात द्या." तिने त्याची तर्जनी धरून बशीशेजारी, दिव्याखाली ठेवली. नखाच्या कडेला अजून एक पिवळी रेघ होती.

"आता बघून काय उपयोग, होन्मा-सान? गेलं ना ते तोक्योला?"

"गेलं."

रेघ पिवळी. दाणाही पिवळा. तसाच? की दाण्यात किंचित हिरवट झाक, बाटलीतल्या तेलात नसलेली... तिने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक बशीला टेकेल इतकी वाकली.

"हलू नका," ती म्हणाली.